सातपुड्यावर फिरणारं आकाश: खानदेशातून स्टार ट्रेल्स टिपण्याची पूर्ण पद्धत

आकाश ध्रुवताऱ्याभोवती फिरताना ताऱ्यांच्या ज्या रेघा फोटोत उमटतात, त्या म्हणजे स्टार ट्रेल्स. त्यांच्या चांगल्या फोटोसाठी उत्तरेला अंधार हवा आणि ध्रुवाखाली एखादा रेखीव आकार हवा. खानदेशात तापी ओलांडली की हे दोन्ही एकाच जागी मिळतं. शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, रावेर या पट्ट्यातल्या डोंगराकडच्या कुठल्याही शिवारात उभे राहा. गावांचे दिवे, हायवे, जळगाव-भुसावळचा उजेड पाठीमागे दक्षिणेला राहतो, समोर सातपुड्याची काळी रांग असते आणि ध्रुव तिच्या डोक्यावर. आपल्याकडचे हौशी फोटोग्राफर ताऱ्यांसाठी थेट लडाखचे बेत आखतात. त्याआधी त्यांनी एक हिवाळा आपल्याच सातपुड्याच्या पायथ्याशी घालवावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी काय काय करायचं ते क्रमाने सांगतो.

एक लांब फोटो नको, अनेक छोटे हवेत

फिल्मच्या काळात शटर तास-दोन तास उघडं ठेवून ताऱ्यांच्या रेघा मिळवत. डिजिटल कॅमेऱ्यात तसं केलं तर सेन्सर तापतो आणि चित्रभर लाल-निळे ठिपके येतात. आकाशातला थोडासा उजेडही साठत साठत जाऊन शेवटी आकाश राखाडी होतं. शिवाय पाऊण तास झाल्यावर एखादा ट्रॅक्टर बांधावरून वळला आणि त्याचा हेडलाइट लेन्सवर पडला की सगळंच वाया.

म्हणून ३०-३० सेकंदांचे दोनशे-अडीचशे फोटो एका मागोमाग एक काढायचे आणि नंतर संगणकावर एकत्र करायचे. ही जोडणी 'लाइटन' पद्धतीने होते. प्रत्येक पिक्सेलच्या जागी, सगळ्या फोटोंमध्ये तिथे जो सर्वांत उजळ रंग आला असेल तेवढाच ठेवला जातो. आकाशाची पार्श्वभूमी सगळ्या फोटोंत जवळपास सारखी असते, त्यामुळे ती एका फोटोइतकीच गडद राहते. तारा मात्र दर फोटोत थोडा सरकलेला असतो. त्याच्या सगळ्या जागा टिकतात आणि रेघ तयार होते. ट्रॅक्टरवाला फोटो नकोसा झाला तर तेवढाच काढून टाकता येतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं सेटिंग तिच्यावर उभं आहे. रेघेचा उजेड शटरच्या वेळेवर अवलंबून नसतो. आकाश तासाला १५ अंश फिरतं. साधारण २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सर (लहान आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १८ मिमी लेन्स लावली तर ध्रुवापासून दूरचा तारा एका पिक्सेलवर जेमतेम तीन सेकंद थांबतो आणि पुढे सरकतो. मग शटर ३० सेकंद उघडं ठेवा की पाच मिनिटं, त्या पिक्सेलला ताऱ्याचा प्रकाश तीन सेकंदांचाच मिळणार. शटर वाढवल्याने फक्त आकाश उजळतं. रेघ उजळ करायची तर अॅपर्चर (प्रकाश आत येतो ते लेन्सचं भोक) मोठं करावं लागतं किंवा आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती दाद देतो तो आकडा) वाढवावा लागतो. याचा फायदा गावाजवळ फोटो काढणाऱ्यांना होतो. जळगावच्या बाहेरच्या एखाद्या शेतातून काढताना आकाश फार उजळ येत असेल तर शटर १०-१५ सेकंदांवर आणा. आकाश गडद होईल, रेघा तितक्याच उजळ राहतील. फोटोंची संख्या तेवढी वाढेल.

रात्र निवडताना दिनदर्शिका बघा

पावसाळा सोडून द्या. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की हवा धुतल्यासारखी असते, पण जमिनीतली ओल बाकी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. डिसेंबरात रात्र सुमारे तेरा तासांची असते आणि संध्याकाळी सव्वासातपर्यंत पूर्ण अंधार पडतो. म्हणजे जेवणाच्या वेळेला काम सुरू करून मध्यरात्रीआधी घरी येता येतं. मार्चनंतर हवेत धूळ वाढते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे रात्रीसुद्धा इतकं गरम असतं की सेन्सरवरचे ठिपके दुपटीने त्रास देतात. हिवाळ्यातही एक अडचण असते. कापूस निघाला की पऱ्हाट्या पेटवल्या जातात आणि तो धूर थंड हवेत खालीच तरंगत राहतो. संध्याकाळी शिवारात जाळ दिसला तर त्या दिशेची फ्रेम टाळा.

चंद्रासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. संकष्टीला चंद्र कधी उगवतो ते घरातल्या उपवास करणाऱ्यांना विचारा: साडेआठ-नऊच्या आसपास. त्यानंतर रोज पाऊण-एक तास उशीर होत कृष्ण अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. तेव्हापासून अमावस्येपर्यंत संध्याकाळची रात्र पूर्ण आपली. पण अमावस्याच पाहिजे हा हट्ट मला पटत नाही. अमावस्येला समोरचं देऊळ, झाड, डोंगर सगळं एकसारखं काळं येतं. माझी आवडती तिथी शुक्ल चतुर्थी-पंचमी. कोवळा चंद्र पश्चिमेकडे असतो, उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की त्याचा उजेड डावीकडून तिरपा पडतो आणि देवळाच्या दगडाची घडण उठून दिसते. दहाच्या सुमारास तो मावळतो आणि मग पुढचे दोन तास गडद आकाश मिळतं. एकाच बैठकीत दोन्ही कामं होतात.

जागा: दोन मुठींचं माप

ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश. धुळे, जळगाव २१ अंशांच्या आसपास, नंदुरबार थोडं वर, तोरणमाळ जवळपास २२. हात समोर ताठ धरून मूठ वळली की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. म्हणजे खानदेशात ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींवर. दिवसा जागा बघायला गेलात की उत्तरेकडे तोंड करा आणि मूठीवर मूठ ठेवून मोजा. डोंगर किंवा झाड दोन मुठींच्या वर जात असेल तर ध्रुव तिथे दिसणार नाही. मनुदेवीच्या देवळासारख्या, डोंगराच्या अगदी कुशीतल्या जागी ही अडचण येते. तिथून थोडं दक्षिणेला मोकळ्या शिवारात सरकलं की काम होतं.

उत्तरेची दिशा मोबाइलच्या होकायंत्राने काढा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक आहे. फक्त गाडीपासून आणि विहिरीवरच्या लोखंडी सांगाड्यापासून दूर उभे राहून बघा.

ध्रुव एवढा खाली असल्याचा फार मोठा लाभ आहे. हिमाचल-लडाखात ध्रुव इतका वर असतो की आडव्या फ्रेममध्ये जमीन घेतली की तो वरच्या कडेकडे जातो, मधोमध बसवायला जास्त वाइड लेन्स लागते. आपल्याकडे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या १८-५५ किट लेन्सने १८ मिमीवर आडव्या फ्रेमची उभी व्याप्ती सुमारे ४७ अंश मिळते. त्यात खाली जमिनीची पट्टी ठेवली की ध्रुव साधारण मधोमध बसतो. याची दुसरी बाजूही आहे. ध्रुवापासून २१ अंशांच्या आतलेच तारे आपल्याकडे कधी मावळत नाहीत. सप्तर्षीतले तारेसुद्धा इथे क्षितिजाखाली जातात. त्यामुळे बाहेरची वर्तुळं डोंगरामागून निघालेल्या कमानी म्हणून येतात. मला त्या पूर्ण वर्तुळांपेक्षा जास्त आवडतात.

आता ध्रुवाखाली काय ठेवायचं? शिवारातलं एकटं कडुनिंबाचं किंवा वडाचं झाड, मारुतीचं देऊळ, गढीचा बुरूज, पाण्याची टाकी, काहीही चालेल. त्यापासून किती दूर उभं राहायचं याचा हिशोब २१ अंशांसाठी सोपा आहे. वस्तूची कॅमेऱ्यापासून वरची उंची गुणिले २.६ एवढ्या अंतरावर तिच्या ठीक दक्षिणेला उभे राहिलात तर ध्रुव बरोबर कळसाच्या टोकावर येतो. टोकावर बसलेला ध्रुव जरा कोंडल्यासारखा वाटतो. म्हणून तिप्पट अंतर घ्या, म्हणजे तो टोकाच्या वर दोन-तीन अंश मोकळा राहतो. देऊळ जमिनीपासून १२ मीटर, कॅमेरा १ मीटरवर, तर ११ चे तिप्पट, ३३ मीटर. पावलं मोजून खूण करून ठेवा. देऊळ पूर्वाभिमुख असेल तर दक्षिणेकडून त्याची बाजू दिसते आणि शिखराची पूर्ण रेषा मिळते, ते समोरच्या दर्शनापेक्षा बरं.

काही ठिकाणांबद्दल. तोरणमाळ हजार मीटरहून उंच, त्यामुळे खालच्या धुळीच्या वर, आणि यशवंत तलावात वारा पडल्यावर ताऱ्यांच्या रेघांचं प्रतिबिंब मिळू शकतं. थंडी मात्र जोरदार असते. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. रात्री आवारात जाता येत नाही, काठावरून फ्रेम बघावी लागते. दीपनगरच्या वीज केंद्राचा उजेड तिथे पश्चिमेच्या अंगाला पडतो, तो फ्रेमबाहेर ठेवा. पाटणादेवीचं नाव आकाशप्रेमी माणसाला टाळता येत नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवांनी, मठ काढला, त्याची नोंद करणारा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख तिथलाच. पण फोटोच्या दृष्टीने ती जागा सातपुड्याच्या उलटी आहे: डोंगर दक्षिणेला आणि चाळीसगावचा उजेड उत्तरेच्या अंगाला. म्हणून तिकडे ध्रुवाची वर्तुळं न काढता पूर्वेकडे तोंड करा. उगवणारे तारे तिथे चढत्या तिरप्या रेघा काढतात, आणि मृग नक्षत्रातल्या पट्ट्याचे तीन तारे खगोलीय विषुववृत्ताजवळ असल्याने त्यांची रेघ जवळजवळ सरळ येते.

परवानगीबद्दल दोन शब्द जास्तच सांगतो. यावल काय, गौताळा-औट्रमघाट काय, अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय रात्री थांबू नका. त्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत उत्तम. मोटार आणि केबल चोरीमुळे रात्री शिवारात अनोळखी बॅटरी दिसली की लोक सावध होतात, आणि ते बरोबरच आहे. दिवसाच शेतमालकाला आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवा. रब्बीत रात्रपाळीची वीज असली की शेजारचा कोणी गव्हाला पाणी भरायला येतोच. 'काय करू राहिले भो?' असं विचारत तो बॅटरी थेट कॅमेऱ्यावर मारतो. त्याला बोलवा, स्क्रीनवर एक फोटो दाखवा, बॅटरी खाली धरायची विनंती करा. पुढचे दोन तास तोच तुमची राखण करतो. बिबट्याचा वावर सातपुड्याच्या पायथ्याला आणि चाळीसगावकडेही आहे. एकट्याने जाऊ नका, उसाच्या किंवा केळीच्या कडेला बसू नका, बूट घाला आणि बॅग उघडी ठेवू नका, विंचू आत शिरतो.

सोबत काय न्यायचं

मॅन्युअल मोड असलेला कुठलाही कॅमेरा, असेल ती सर्वांत वाइड लेन्स, आणि बटण दाबून अडकवता येणारा वायरचा रिमोट. हा रिमोट स्वस्त असतो आणि त्याच्याइतकी कामाची दुसरी वस्तू नाही. कॅमेऱ्यात इंटरव्हल शूटिंग (ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढण्याची सोय) असेल तर त्याचीही गरज नाही. दोन भरलेल्या बॅटऱ्या घ्या. नव्या कॅमेऱ्यांना यूएसबीतून पॉवर बँक जोडता येते, तशी सोय असेल तर बॅटरी बदलताना कॅमेरा हलण्याची भीती संपते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) २५ एमबीची धरली तर २४० फोटोंना ६ जीबी लागतात. ३२ जीबीचं कार्ड भरपूर झालं. डोक्याला लावायची लाल उजेडाची बॅटरी, पांढऱ्या उजेडाची एक टॉर्च, चिकटपट्टी, गरम कपडे.

ट्रायपॉड भक्कम हवा. पण आपल्या काळ्या जमिनीत त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या पायांखाली काय आहे. पाणी दिलेल्या शेतात दोन तासांत ट्रायपॉडचा पाय हळूहळू रुततो. डोळ्याला कळत नाही, पण घरी येऊन बघितलं तर रेघा एका बाजूला वाकलेल्या आणि देवळाच्या कडा दुहेरी. प्रत्येक पायाखाली चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवा, तो पायाने दाबून बसवा, मगच कॅमेरा लावा. मधला दांडा वर काढू नका. वारा असेल तर बॅग खाली लटकवा, ती जमिनीला टेकलेली असावी, नाहीतर तीच झोके घेते.

हिवाळ्यात तापीकाठी, केळीच्या बागांजवळ दहिवर पडतं. तासाभराने लेन्सच्या काचेवर धुकं जमतं आणि तारे विरत जातात. लेन्सभोवती गुंडाळायचा यूएसबीवरचा हीटर पट्टा मिळतो, तो पॉवर बँकेवर मंद चालवा. लेन्स हूडही बराच उपयोगी पडतो. मध्येच फडक्याने पुसायला जाऊ नका, कॅमेरा हललाच म्हणून समजा.

मोबाइलवरही हे जमतं. प्रो मोडमध्ये ३० सेकंदांचं शटर असेल आणि ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढण्याची सोय असेल, तर स्टँडवर लावून हीच पद्धत वापरा. काही फोनमध्ये स्टार ट्रेल्सचा तयार मोड असतो. शिकायला चांगला आहे, पण त्यात खराब फोटो वेगळा काढता येत नाही.

कॅमेऱ्याचं सेटिंग

मोड मॅन्युअल, फाइल रॉ. सुरुवात अशी करा: अॅपर्चर एफ ४ (किट लेन्स असेल तर ३.५; आकडा लहान म्हणजे भोक मोठं), आयएसओ ८०० ते १६००, शटर ३० सेकंद.

एफ २.८ किंवा त्याहून मोठं अॅपर्चर असलेली लेन्स असली तरी ते पूर्ण उघडायची घाई करू नका. गडद आकाशात ते उघडलं की हजारो बारीक ताऱ्यांच्या रेघा येतात आणि चित्रात श्वास घ्यायला जागा उरत नाही. रंगही जातात. रोहिणीची नारिंगी, मृगातल्या काक्षीची तांबूस आणि व्याधाची निळसर पांढरी रेघ वेगवेगळी दिसली पाहिजे, आणि जास्त प्रकाशात त्या सगळ्या पांढऱ्या होतात. थोड्या पण रंग टिकवून असलेल्या रेघा मला नेहमीच सरस वाटतात.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर ठेवू नका, फोटोगणिक रंग बदलतो. ४००० केल्विनच्या आसपास पक्का करा. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, ट्रायपॉडवर ते उलट हलवतं. आणि मेन्यूत जाऊन 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद करा. ते चालू राहिलं तर प्रत्येक ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद स्वतःचं काम करत बसतो आणि तुमच्या सलग रेघेचे तुकडे पडतात.

दोन फोटोंमधलं अंतर हा या सगळ्यातला नाजूक भाग. वर सांगितलं तसा तारा पिक्सेल बदलायला तीन सेकंद घेतो, म्हणून एका सेकंदाची फट दिसत नाही. पाच सेकंदांची दिसते, रेघ ठिपक्यांची होते. वायरचा रिमोट वापरणार असाल तर ड्राइव्ह मोड सलगवर ठेवा, बटण अडकवा, फोटो पाठोपाठ निघत राहतात, फट नगण्य. कॅमेऱ्यातलं इंटरव्हल वापरणार असाल तर आधी आपल्या कॅमेऱ्यात इंटरव्हल कुठून मोजला जातो ते बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत असतो. शिवाय कॅमेऱ्यावर लिहिलेले ३० सेकंद बहुतेक वेळा प्रत्यक्षात ३२ असतात. त्यामुळे ३१ चा इंटरव्हल दिला तर कॅमेरा एक आड एक फोटो गाळतो. अशा कॅमेऱ्यात ३३ द्या.

शेतावरची संध्याकाळ

सूर्य मावळायच्या आधी पोहोचा. ट्रायपॉड पक्का करा, फ्रेम लावा आणि संधिप्रकाशात, आकाश निळं असताना, समोरच्या देवळाचे किंवा झाडाचे चार-पाच फोटो कमी आयएसओवर काढून ठेवा. पुढे जमिनीचा भाग यातूनच घ्यायचा आहे. यानंतर ट्रायपॉडला हात लावायचा नाही.

अंधार पडल्यावर ध्रुव शोधा. तो फार तेजस्वी नाही, पण त्या भागात एकटा असतो. डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा उत्तरेला उंचावर एम अक्षरासारखी शर्मिष्ठा बघा. तिच्या मधल्या ताऱ्यापासून सरळ खाली, दोन मुठींच्या उंचीपर्यंत या, तिथे ध्रुव. फेब्रुवारीपासून सप्तर्षी, म्हणजे खेड्यातलं खाटलं, रात्री ईशान्येला वर येतं. त्यातले पुलह आणि क्रतु जोडून तीच रेघ क्रतुच्या पुढे पाचपट वाढवली की ध्रुव लागतो. फ्रेममध्ये तो नेमका कुठे बसला आहे हे बघायला आयएसओ ६४०० वर सहा सेकंदांचा चाचणी फोटो काढा. क्षितिज सरळ आहे का तेही यातच कळतं. वर्तुळांचं केंद्र ध्रुवापासून अगदी किंचित बाजूला असतं, एक अंशापेक्षाही कमी, म्हणून ध्रुवाचीही एक इवलीशी कमान येते.

फोकस आपोआप होणार नाही. लेन्स मॅन्युअलवर घ्या, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, एखादा तेजस्वी तारा घ्या, ब्रह्महृदय किंवा व्याध चालेल, दहापट मोठा करा आणि रिंग अगदी सावकाश फिरवा. तारा आधी फुगलेला दिसतो, मग आकसत जातो, सर्वांत बारीक टिंब झालं की थांबा. जरा पुढे नेऊन पुन्हा फुगतो का बघा आणि परत या. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नका. फोकस जमला की रिंगवर चिकटपट्टी लावा. तारा शोधायला कॅमेरा फिरवला असेल तर फ्रेम पुन्हा पहिल्यासारखी जुळवून घ्या. म्हणून मी फोकस शक्यतो संध्याकाळी, फ्रेम लावायच्या आधी, गुरू किंवा शुक्र दिसताच करून टाकतो.

एक पूर्ण ३० सेकंदांचा फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा. आकाशाचा डोंगर डाव्या कडेला चिकटलेला नसावा आणि मध्याच्या पुढे गेलेला नसावा. मग रिमोटचं बटण अडकवा.

किती वेळ? अर्ध्या तासात साडेसात अंशांच्या तुटक रेघा मिळतात, तासाभरात १५. डोळ्याला फिरल्यासारखं वाटायला निदान दीड-दोन तास हवेत. दोन तासांत ३० अंशांच्या कमानी येतात, फोटो साधारण २२०. चार तास दिले तर ६० अंश. पहिल्या खेपेला दोन तास पुरे.

मधल्या वेळात कॅमेऱ्यापासून लांब, त्याच्या मागे बसा. मोबाइलचा उजेड लेन्सकडे जाऊ देऊ नका. देवळावर टॉर्चचा उजेड टाकायचा असेल तर बाजूने जाऊन, पिवळसर उजेडाने, कुठल्याही एकाच फोटोत दोन-तीन सेकंद फिरवा. लाइटन पद्धतीत तो एक फोटो पुरतो. पुन्हा पुन्हा टाकलात तर भिंत सपाट आणि भडक होते.

सगळं झाल्यावर लेन्सला झाकण लावा आणि त्याच सेटिंगवर आणखी १५-२० फोटो काढा. या काळ्या फोटोंत फक्त सेन्सरचे ठिपके असतात, ते नंतर मूळ फोटोंतून वजा करता येतात. थंडीत टाळलं तरी चालेल, मार्चनंतर टाळू नका.

घरी, संगणकावर

पहिलं काम, सगळे फोटो एकेक करून बघणं. कंटाळवाणं आहे, पण इथेच चित्र सुधारतं. कॅमेरा हललेला, टॉर्च लेन्सवर पडलेली फ्रेम बाजूला काढा. विमानाची रेघ असलेला फोटो मात्र फेकू नका, फेकलात तर सगळ्या ताऱ्यांच्या रेघेत ३० सेकंदांची फट पडेल. तो फोटो उघडा, काळा ब्रश घ्या आणि फक्त विमानाच्या रेघेवर फिरवा. लाइटनमध्ये काळा भाग कधीच जिंकत नाही, त्यामुळे विमान जातं आणि फट फक्त त्या पट्टीपुरती, शोधूनही न सापडणारी. उपग्रहांनाही हेच औषध. उल्का सापडली तर ती अर्थातच ठेवा. १३-१४ डिसेंबरच्या आसपास मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, त्या रात्री अमावस्या जवळ असेल तर संधी सोडू नका.

रॉ फोटोंपैकी एकावर रंग, कॉन्ट्रास्ट ठरवा आणि तेच सेटिंग सगळ्यांना लावा. लाइटरूममध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या डार्कटेबलमध्ये हे होतं. शार्पनिंग कमी ठेवा आणि लेन्सच्या वाकडेपणाची दुरुस्ती या टप्प्यावर बंद ठेवा, तिच्यामुळे जोडलेल्या रेघांमध्ये कधीकधी जाळीसारखी नक्षी उमटते. मग टिफ किंवा उत्तम दर्जाचे जेपेग काढून घ्या.

जोडणीसाठी स्टारस्टॅक्स हे मोफत सॉफ्टवेअर मला सर्वांत सरळ वाटतं. त्यात फोटो ओढून टाका, काळे फोटो डार्क म्हणून वेगळे द्या, ब्लेंडिंग मोड 'लाइटन' निवडा आणि सुरू करा. रेघा एकेक करून वाढताना पडद्यावर दिसतात, ते बघत बसण्यात फार आनंद आहे. बारीक फटी राहिल्या असतील तर 'गॅप फिलिंग' वापरून बघा. 'कॉमेट' मोडमध्ये रेघेचं एक टोक विरत जातं, शिवारातल्या साध्या फ्रेमला ते छान दिसतं, देवळावर मला ते जास्त होतं. फोटोशॉप असेल तर सगळे फोटो एका फाइलमध्ये थर म्हणून आणा आणि सगळ्या थरांचा मोड लाइटन करा. गिंपमध्ये त्यालाच 'लाइटन ओन्ली' म्हटलं आहे.

जोडणी झाली की झाडाकडे बारकाईने बघा. वाऱ्याने बाभळीच्या फांद्या हलल्या असतील तर त्या झिजल्यासारख्या, बारीक दिसतील. कारण फांदी काळी, तिच्यामागचं आकाश उजळ. एका क्षणी जरी फांदी बाजूला झाली तरी तिथे आकाश जिंकतं. साक्रीकडे पवनचक्क्यांसमोर काढलेल्या फोटोंत पाती याच कारणाने गायब होतात. इलाज हा की जमिनीचा आणि झाडाचा भाग संध्याकाळच्या एका फोटोतून घ्यायचा. जोडलेल्या चित्रावर तो थर ठेवा, मास्क (थराचा नको तो भाग झाकणारा पडदा) लावा आणि मऊ ब्रशने क्षितिजाच्या कडेने जुळवा. संध्याकाळचा थर थोडा गडद आणि निळसर करा, म्हणजे रात्रीशी मेळ बसतो. फार उजळ ठेवलात तर चित्र दोन तुकडे चिकटवल्यासारखं दिसतं.

शेवटची दुरुस्ती हलक्या हाताने. क्षितिजाजवळचा पिवळा झाकोळ थोडा कमी करा, पूर्ण घालवू नका, सातपुड्याची कडा त्याच्यामुळेच उठते. उरलेले लाल-निळे ठिपके हीलिंग ब्रशने टिपा. मोबाइलवर पाठवण्यासाठी लहान करताना थोडं शार्पनिंग द्या, नाहीतर बारीक रेघा एकमेकींत मिसळून धुरकट होतात. छापणार असाल तर कागद मॅट घ्या आणि पडद्यावर दिसतं त्यापेक्षा चित्र जरासं उजळ करून द्या.

मूळ रॉ फाइल पुसू नका. पुढे हात बसला की त्याच रात्रीची जोडणी पुन्हा करावीशी वाटते. आणि तेच २४० फोटो सेकंदाला २४ या वेगाने लावले तर १० सेकंदांचा टाइमलॅप्सही तयार होतो, त्यासाठी वेगळी रात्र काढावी लागत नाही.